मूठ आवळण्याआधीचे अर्धे मिनिट

(जिल्हा मेळाव्यात दुपारच्या सत्रात झालेले भाषण)



सकाळपासून या मांडवात कापसाचा भाव, पीकविमा आणि थकलेले कर्ज यांवर बोलणे झाले. आता जेवणे आटोपली आहेत, ऊन चढले आहे आणि आम्हाला अर्धा तास दिला आहे. आमचा विषय ऐकून काही मंडळी खर्रा घोटायला मांडवाबाहेर जातील, हेही आम्ही धरून चाललो आहोत. विषय आहे आपली पोरे. पंधरा ते पंचवीस वयाची. घरात आपण ज्यांना कार्टी म्हणतो आणि निवडणुकीत पुढारी ज्यांना युवाशक्ती म्हणतात, ती.

आम्ही म्हणजे तालुक्यातल्या चार गावांतली नऊ माणसे. दोन निवृत्त मास्तर, एक अंगणवाडीच्या ताई, एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर आणि बाकीचे कास्तकार. गेली तीन वर्षे आम्ही गावातल्या पोरांबरोबर आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी बसतो. त्यात काय साधले, काय फसले आणि दुसरीकडे अशा कामाचा काय अनुभव आला, तेवढेच सांगणार आहोत. आम्ही कोणी मानसशास्त्र शिकलेले नाही. चुकत असेल तर इथेच उठून सांगा.

सुरुवात एका वरातीपासून करतो. चार वर्षांपूर्वीचा उन्हाळा. नवरदेव पारापाशी आला, पुढे डीजे. कोणते गाणे लावायचे यावरून दोन गावांच्या पोरांत धक्काबुक्की झाली. एकोणीस वर्षांच्या एका पोराच्या हातात डीजेच्या गाडीतला लोखंडी पाइप आला. समोरच्या पोराचा डावा डोळा गेला. सगळे मिळून अर्धे मिनिटही लागले नसेल. गाणे बदलायच्या आत झाले. ज्याने मारले त्याची पोलीस भरतीची मैदानी चाचणी पार पडली होती. ती नोकरी गेली. बापाच्या पाच एकरांतले दोन एकर जामिनात आणि वकिलात गेले. ज्याचा डोळा गेला त्याच्या आईने नागपूरच्या दवाखान्यासाठी अंगावरचे मोडले. मारणाऱ्याच्या घरी कापूस, मार खाणाऱ्याच्याही घरी कापूस. खटला अजून चालू आहे.

आपण हिशेबाची माणसे आहोत, तर हिशेब करू. महिन्याला एक तारीख धरा. बाप-लेक दोघांची मजुरी बुडाली, जिल्ह्याला जायचे-यायचे भाडे, वकिलाचे पैसे. एका तारखेला अर्धा क्विंटल कापूस गेला असे धरले, तर वर्षाला सहा क्विंटल होतात. कोरडवाहू एकरात तुम्हाला किती होतो? चार? पाच? म्हणजे दर साली एका एकराहून जास्त पीक कोर्टाच्या पायरीवर ओतायचे. व्यापाऱ्याने वजनात दोन किलो मारले तर आपण काटा बंद पाडतो. या लुटीबद्दल मात्र आपण नशिबाला बोल लावून घरी जातो.

त्या पोराला आम्ही विचारले होते, त्या वेळी डोक्यात काय चालले होते रे? तो म्हणाला, "काहीच नव्हतं काका. पाइप हातात कधी आला तेच आठवत नाही." आमचे सगळे काम या एका वाक्यातून सुरू झाले.

भाव मिळाला की पोरे सुधारतील?

हा प्रश्न आम्हाला प्रत्येक गावात ऐकावा लागतो. कापसाला भाव मिळू द्या, पोरांच्या हातात पैसा येऊ द्या, मग कशाला कोण पाइप उचलेल? यात खोटे काही नाही. शेती तोट्यात आहे म्हणून शेतात मन लागत नाही. नोकरी नाही म्हणून शहरात पाय टिकत नाही. लग्न जमत नाही म्हणून पोरगा कातावलेला. उलंगवाडी झाली की मृगापर्यंत चार महिने हाताला काम नसते आणि लग्नसराई, जत्रा, वराती सगळ्या त्याच चार महिन्यांत येतात. हे सगळे कबूल. पण भावाची लढाई किती वर्षे चालली आहे, ते इथल्या पांढऱ्या केसांना विचारा. पोरगा यंदा सतराचा आहे. भाव मिळेपर्यंत तो सतराचाच राहणार आहे काय? शिवाय ज्यांच्या घरी ओलीत आहे, ट्रॅक्टर आहे, त्यांची पोरे वरातीत मागे होती असेही आम्ही पाहिलेले नाही.

म्हणून भावाची लढाई आपल्या जागी ठेवून, या सतराच्या पोराचे काय करायचे ते वेगळे बोलू.

चौकीतले दोन फटके

आपल्याकडचा पहिला उपाय ठरलेला आहे. बाप पोराचा कान धरून चौकीत नेतो आणि म्हणतो, साहेब, याला दोन फटके द्या आणि रात्रभर आत बसवा, म्हणजे समजेल. आम्हीही हे केलेले आहे, लपवत नाही.

हाच उपाय अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला. न्यू जर्सी राज्यातल्या राहवे येथील तुरुंगात वांड पोरांना नेत. जन्मठेपेचे कैदी त्यांच्या अंगावर ओरडत, आत काय भोगावे लागते ते सांगत. १९७८ साली त्यावर चित्रपट निघाला, तो गाजला आणि ठिकठिकाणी तसेच कार्यक्रम सुरू झाले. लोकांना वाटे, एवढे भेदरलेले पोरगे पुन्हा गुन्ह्याच्या वाटेला जाणार नाही. मग काही अभ्यासकांनी नीट मोजले. चिठ्ठ्या टाकून अर्धी पोरे तुरुंग पाहायला न्यायची आणि अर्धी न्यायची नाहीत, अशा तऱ्हेच्या नऊ प्रयोगांचे निकाल एकत्र केले, तेव्हा उलटेच निघाले. तुरुंग दाखवून आणलेल्या पोरांनी न नेलेल्या पोरांपेक्षा जास्त गुन्हे केले. भीती दोन दिवसांत उतरते, आणि पोरगा गावात येऊन सांगतो की मी आत जाऊन आलो. आपल्या पारावर अशा पोराचा भाव वाढतो की उतरतो, ते तुम्हीच सांगा.

दुसरा उपाय म्हणजे सगळी वाया गेलेली पोरे गोळा करून त्यांचे शिबिर भरवणे. हाही प्रयोग जुना आहे. बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली पाचशेवर मुले घेऊन तो सुरू झाला. अर्ध्या मुलांना सल्लागार, शिकवणी, उन्हाळी शिबिरे, सगळे दिले. अर्ध्यांना काहीच दिले नाही. तीस-पस्तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या बाईंनी ती माणसे शोधून काढली. मदत मिळालेल्यांची स्थिती न मिळालेल्यांपेक्षा बरी नव्हती. काही बाबतींत वाईट होती. ज्यांना शिबिराला पुन्हा पुन्हा पाठवले होते त्यांचे जास्त बिघडले होते. कारण समजायला अवघड नाही. दहा वांड पोरे एका खोलीत ठेवली तर रात्री कोण कोणाला काय शिकवेल? आमच्या पहिल्या वर्षी हेच झाले. आम्ही नावे काढून बिघडलेल्या अकरा पोरांचा गट केला. त्या गटाला गावाने टोपणनाव ठेवले, ते इथे सांगण्यासारखे नाही, आणि पोरे ते नाव मिरवू लागली. दोन महिन्यांत आम्ही तो गट मोडला.

तिसरा उपाय व्याख्यानाचा. एक अधिकारी बोलावले, त्यांनी व्यसनमुक्तीवर तासभर सांगितले. पहिल्या दिवशी साठ पोरे होती, चौथ्या कार्यक्रमाला सात उरली. त्या सातांतली दोन सरपंचांच्या घरची.

मुठीतला चेंडू

आता शिकागोची गोष्ट सांगतो. शिकागो आपल्याला दोन कारणांनी ठाऊक आहे. १८९३ साली विवेकानंद तिथे बोलले, आणि सोयाबीन-मक्याचा वायदे बाजार तिथे आहे. तिथे भाव पडला की आपल्या मोंढ्यात कुजबुज सुरू होते. त्याच शहराच्या गरीब वस्त्यांत पोरे एकमेकांना गोळ्या घालतात. कारण काढायला जावे तर जोडा, मुलगी, नजर, शिवी. आपल्याकडे बंदुका नाहीत एवढाच फरक.

तिथे टोनी डिव्हिटोरिओ नावाच्या एका समुपदेशकाने २००१ साली शाळेतल्या पोरांचे गट सुरू केले. कार्यक्रमाचे नाव 'बिकमिंग अ मॅन'. आपण त्याला 'कर्ता पुरुष होणे' म्हणू. दहा-पंधरा पोरे, एक मोठा माणूस, आठवड्यातून एकदा तासभर. पोरे वर्तुळात बसतात. खेळ असतात, गप्पा असतात, आपापले सांगणे असते.

त्यांचा पहिलाच खेळ असा. दोघादोघांच्या जोड्या करायच्या. एकाच्या हातात चेंडू द्यायचा आणि मूठ आवळायला सांगायचे. दुसऱ्याला सांगायचे, तीस सेकंदांत त्याच्या मुठीतला चेंडू काढून घे. झाले! पोरे तुटून पडतात. बोटे पिरगाळतात, जमिनीवर लोळतात, कोणी चावतो. वेळ संपली की मोठा माणूस विचारतो, तुमच्यापैकी एकानेही "चेंडू दे" म्हणून मागितला का नाही? पोरे म्हणतात, मागून कोण देतो? मागितला असता तर मला भित्रा समजला असता. मग ज्याच्या मुठीत चेंडू होता त्याला विचारतात, याने मागितला असता तर काय केले असतेस? तो म्हणतो, दिला असता की. चेंडूच तर आहे.

खेळ एवढाच. या पोरांना तिथे "भांडू नका, शहाण्यासारखे वागा" असे सांगत नाहीत, ही गोष्ट आम्हाला फार पटली. त्या वस्तीत एकदा मान खाली घातली की रोज मार खावा लागतो, हे शिकवणाऱ्यालाही माहीत असते. आपल्याकडेही एकदा धुऱ्याचे एक तास सोडले की पुढच्या वर्षी शेजारी दोन तासे आत येतो. तेव्हा पोरगा ताठ उभा राहतो हे चूक नाही. चूक अशी की शेजाऱ्यापुढे, मास्तरापुढे, फौजदारापुढे आणि सख्ख्या भावापुढे तो तोच एक पवित्रा घेतो, आणि तोही विचार न करता. समोर कोण आहे आणि आता काय हवे आहे, हे पाहायला एक श्वास थांबणे, एवढेच तिथे वर्षभर शिकवतात.

याचेही त्यांनी मोजमाप केले. २००९-१० साली अठरा शाळांतल्या २,७४० मुलांत चिठ्ठ्या टाकून काहींना या गटांत जागा दिली, काहींना दिली नाही. पुढे २०१३ ते २०१५ या काळात पुन्हा तसेच केले. दोन्ही वेळी कार्यक्रमातल्या मुलांच्या मारामारीच्या गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. शाळा पुरी करणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गट बंद झाल्यावर अटकांवरचा परिणाम विरत गेला. हे ऐकून आमच्या मास्तरांनी मान डोलावली. ते म्हणाले, एकदा वखर फिरवून वर्षभर तण येऊ नये असे म्हणणारा शेतकरी तुम्ही पाहिला आहे काय?

लिंबाचा रस

आम्ही हा खेळ गावात केला. चेंडू नव्हता म्हणून लिंबे घेतली, ही आमची चूक. अर्ध्या मिनिटात शाळेच्या वऱ्हांड्यात रस झाला, एकाच्या डोळ्यात उडाला, आणि ते दोघे खरेच भांडायला उठले. हसायला येते, पण त्या दिवशी पहिल्यांदा पोरे घरी जायला तयार नव्हती.

पुढच्या बैठकीत एक पोरगा बोलला, ते आम्ही विसरलेलो नाही. तो म्हणाला, "काका, मागितलं असतं तर मी लिंबू दिलं असतं. धुरा दिला नसता." सगळे गप्प झाले. खरे बोलला होता. लिंबू आणि धुरा एक नाही. धुरा मागून मिळत नाही आणि मागितला म्हणून देऊही नये. मग आमच्या पुढच्या सहा-सात बैठका यावरच झाल्या: जिथे मागून मिळणार नाही तिथे काय करायचे? पोरांनीच एकेक काढले. त्या वेळी तिथून निघून जायचे, पण जाताना "उद्या सकाळी येतो" असे मोठ्याने सांगून जायचे, म्हणजे पळाला असे कोणी म्हणत नाही. एकट्याने बोलायचे नाही, तिसरा माणूस न्यायचा. फोटो काढून ठेवायचा. मोजणीचा अर्ज टाकायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, हाताला काही लागायच्या आधी कोणाला तरी फोन लावायचा. कोणाला लावायचा, ते नाव आधीच ठरवून ठेवायचे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात जीवनकौशल्यांची यादी केली. निर्णय घेणे, भावना आवरणे, दुसऱ्याचे मन ओळखणे अशी दहा कौशल्ये तीत आहेत. यादी चांगली आहे. आमच्या पोरांना ती वाचून दाखवली तेव्हा दोघे झोपले.

मागच्या मृगाच्या तोंडावर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने आमच्या गटातल्या एका पोराच्या वावरात एक तास घातले. तो त्या क्षणी थांबला असे आम्ही म्हणणार नाही. तो कुऱ्हाड आणायला घराकडे धावत सुटला, आणि धावता धावता त्याने आमच्या कंडक्टर काकांना फोन लावला. म्हणाला, "काका, मी कुऱ्हाड आणायला चाललो." काका म्हणाले, "आण. पण मी येईपर्यंत वावरात जाऊ नको. मला वीस मिनिटं लागतील, तोवर आईला चहा मांडायला सांग." काका सायकलने गेले. चहा झाला. दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलांना घेऊन दोघे शेजाऱ्याकडे गेले आणि तिसऱ्या दिवशी मोजणीचा अर्ज पडला. मोजणी व्हायला पावसाळा उलटला. तीत निघाले ते दोन्ही घरांना आवडले नाही. आजोबांच्या काळापासूनचा धुराच वाकडा होता. दोन्ही घरांचे बोलणे अजून बंद आहे. पण दोघेही आपापल्या घरी आहेत, आणि यंदा दोघांच्याही वावरात पऱ्हाटी उभी आहे.

सगळेच असे झाले नाही. आमच्या बैठकीला दीड वर्ष येणारा, सगळ्यांत नीट बोलणारा एक पोरगा विहिरींवरच्या मोटारींची केबल कापून तांबे विकताना सापडला. मोबाइलवरच्या पत्त्यांच्या खेळात त्याच्यावर कर्ज झाले होते. पैसे लावून खेळायच्या अशा खेळांवर संसदेने २०२५च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला. पण जे देणे होऊन बसले होते ते बंदीने कसे फिटणार? तो कर्जात आहे हे आमच्या नऊ जणांपैकी एकालाही कळले नव्हते. त्याने फोन करायला आमच्यापैकी कोणाचे नावच ठरवले नव्हते, हे नंतर लक्षात आले. ज्यांच्या केबली गेल्या त्यांत आमच्यातले दोघे आहेत. त्यांनी तक्रार मागे घेतली नाही, आणि तारखेला त्याच्या आईबरोबर जातात तेही तेच दोघे.

काम, सतरंजी आणि मैदान

नुसत्या गप्पांनी भागते का, असे कोणी विचारेल. पुन्हा शिकागोचाच दाखला देतो. २०१२च्या उन्हाळ्यात तिथल्या गुन्हेगारीने पोळलेल्या वस्त्यांतल्या तेरा शाळांमधल्या १,६३४ मुलांत चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्यांचे नाव निघाले त्यांना आठ आठवड्यांचे अर्धवेळ काम दिले, किमान वेतन देऊन, बरोबर एक मोठा माणूस देऊन. पुढच्या सोळा महिन्यांत काम मिळालेल्या मुलांच्या मारामारीच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. यात ध्यानात घेण्यासारखे हे की फरक मुख्यतः काम संपल्यानंतरच्या महिन्यांत पडला. म्हणजे पोरगा कामात अडकला म्हणून भांडला नाही, एवढेच त्याचे कारण नव्हते. वेळेवर जाणे, वरच्याचे ऐकून घेणे, आपल्या कमाईचे चार पैसे हातात येणे, यातून काहीतरी अंगात उरले.

आपल्याकडे बाप पोराला वावरात राबवतो, पण हातावर पैसे ठेवत नाही. "सगळं तुझंच आहे" म्हणतो. सगळे त्याचेच असेल, पण दाढीच्या ब्लेडसाठी त्याला आईपुढे हात पसरावा लागतो. आमच्या चार गावांत आठ-दहा घरांनी आता वेचणीच्या आणि फवारणीच्या दिवसांची मजुरी पोरालाही द्यायला सुरुवात केली आहे. बापांना हे जड गेले. एक जण अजून आमच्याशी वाकड्यात बोलतो.

मैदानाचेही तसेच. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतली पोरे फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली, आणि त्यातून 'स्लम सॉकर'चे काम उभे राहिले. २०२२ सालचा 'झुंड' चित्रपट त्यांच्यावरूनच निघाला. तुमच्यातल्या अनेकांनी मोबाइलवर तो पाहिला असेल. आणि आपल्याला तर इतक्या लांब जायचीही गरज नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. तिथल्या मंडळींनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले. मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज उभारले आणि गावोगाव संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना सुरू केली. आमच्या लहानपणी प्रार्थनेला बाप, लेक आणि सालदार एकाच सतरंजीवर बसत. भजन कोणाला येवो न येवो, गावातला कोणता पोरगा आज आला नाही आणि का आला नाही, ते दहा मोठ्या माणसांना कळत असे. ती सतरंजी गुंडाळली गेली, तिच्या जागी काहीच आले नाही. मग फाट्यावर पानठेला आला.

आमचे सध्याचे चालते ते एवढेच आहे. रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानात कबड्डी, आणि गुरुवारी खेळ झाल्यावर तासभर बसणे. सगळ्या जातींची, सगळ्या घरांची पोरे एकत्र. शहाणी आणि वांड वेगळी काढायची नाहीत. मोठ्या माणसाने पिऊन यायचे नाही. हा नियम पोरांनी केला, आणि तो आमच्यातल्या एकाला लागू पडला. तो आता येत नाही.

फाट्यावरच्या मुली

मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी म्हणून शेवटी ठेवलेले नाही. हे आमच्या लक्षातच उशिरा आले. दीड वर्ष आम्ही खुशीत होतो, मारामाऱ्या कमी झाल्या म्हणून. मग ग्रामसभेत बारावीतली एक मुलगी उठली. म्हणाली, "पोरं आता एकमेकांशी भांडत नाहीत हे बरं झालं. पण फाट्यावर आम्ही बसची वाट बघतो तेव्हा गाडीचा हॉर्न वाजवणारी पोरं तीच आहेत. त्यांना तुम्ही काय शिकवलं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. तिच्या बापाने तिला खाली बसवायला पाहिले, तर अंगणवाडीच्या ताईंनी त्याचा हात धरला.

आता गुरुवारच्या बैठकीत मुलीही बसतात. आधी दोन महिने वेगळ्या बसल्या, ताईंबरोबर. बरीच घरे अजून पाठवत नाहीत आणि त्यांची भीती आम्हाला समजते. पण आमचे मोजमाप आम्ही बदलले आहे. किती पोरे आली, किती कप जिंकले, हे वहीत लिहिणे बंद केले. महिन्याच्या शेवटी ताई मुलींना विचारतात, या महिन्यात फाट्यावर उभे राहायला त्रास झाला का? त्यांचे उत्तर वहीत जाते. पहिल्या चार महिन्यांत सगळ्यांनी "हो" सांगितले. गेल्या महिन्यात अर्ध्यांनी "नाही" सांगितले. ज्यांनी "हो" सांगितले त्यांनी गाडीचा नंबरही दिला, आणि तो आमच्याच एका पुतण्याचा निघाला. त्याच्याशी बोलणे चालू आहे.

वही

सरकारी योजना मागा, अनुदान मागा, असे आम्ही म्हणत नाही. अनुदान आले की फलक येतो, फोटो येतो आणि मार्च संपला की सगळे उठून जाते. याला लागते ते एक मैदान, एक सतरंजी, आणि दर आठवड्याला त्याच दिवशी त्याच वेळी येणारी दोन मोठी माणसे. लग्न असो, बाजार असो, कापसाचे माप असो, त्या दिवशी यायचे. आमच्या अनुभवात सगळ्यांत अवघड तेच निघाले. पैसा, जागा, पोरे, सगळे मिळाले. दर गुरुवारी येणारा माणूस मिळत नव्हता. पहिल्या वर्षी आम्हीच तीन गुरुवार चुकवले आणि चौथ्या गुरुवारी मैदान रिकामे होते.

मांडवाच्या डाव्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी, आमच्या ताई वही घेऊन बसल्या आहेत. त्यात गावाचे नाव, दोन माणसांची नावे आणि वार लिहायचा आहे. वार लिहिताना बाजाराचा दिवस पाहून लिहा. नुसते गावाचे नाव लिहून जाऊ नका. दोन माणसे ठरली नसतील तर आज लिहू नका, पुढच्या मेळाव्याला लिहा. एक नाव बाईचे असेल तर बरे. जी गावे लिहितील तिथे पहिल्या दोन बैठकांना आमच्यातले दोघे येतील. भाडे आमचे आम्ही करू. चेंडूही आणू, लिंबे आणणार नाही. सतरंजी तेवढी तुमची ठेवा.